बोटभर फट

ऑक्टोबरात सव्वासहाच्या सुमाराला सूर्य राष्ट्रीय उद्यानाच्या डोंगराआड जातो आणि मुलुंडच्या आमच्या गच्चीवर आकाशाची पाळी बदलते. आधी पोपटांचे थवे कलकलत निघून जातात. मग पाकोळ्या, कोयत्याच्या पात्यासारखे पंख असलेले ते काळे पक्षी, उरल्यासुरल्या उजेडात घिरट्या घालत वरवर चढतात. त्यानंतर थोडा वेळ आकाश अगदी रिकामं असतं. आणि मग त्याच हवेत दुसरंच काही उडू लागतं. पक्षी हवेत रेघ ओढत जातो. हे उडणं म्हणजे लहान मुलाने पाटीवर मारलेल्या रेघोट्या. इथे वळलं, तिथे कोसळलं, पुन्हा वर. एवढ्याशा जागेत दहा वळणं, आणि बहुतेक वळणांच्या टोकाशी एखादा किडा.

तळमजल्यावरच्या आजी मूळच्या राजापूरकडच्या. त्यांना विचारलं तेव्हा म्हणाल्या, "अगो, त्याही पाकोळ्याच. त्या उजेडाच्या, ह्या काळोखाच्या." मला हे नाव फार आवडलं. मराठीत पाकोळी पक्ष्यालाही म्हणतात, पतंगालाही म्हणतात आणि कोकणात या छोट्या वटवाघळालाही म्हणतात. वटवाघूळ म्हटलं की आपल्यासमोर वडा-पिंपळाला उलटं लटकलेलं, हातभर पंखांचं फळखाऊ जनावर उभं राहतं. शब्दातला 'वाघूळ' संस्कृत वल्गुलीपासून आलेला. त्याला 'वट' चिकटला तो बहुधा या मोठ्या जातीमुळेच. पण जगातल्या १४००हून अधिक जातींपैकी बहुसंख्य वटवाघळं फळाला तोंडही लावत नाहीत. ती किडे खातात, अंगठ्याएवढी असतात, आणि वडावर नाही, फटीत राहतात. मुंबईच्या उपनगरात आपल्या भिंतीच्या आत, आपल्या उशापासून वीतभर अंतरावर ती झोपलेली असू शकतात.

मला हे कळलं ते गेल्या जूनमध्ये. पहिला मोठा पाऊस पडून गेल्यावर सकाळी जिन्यात काहीतरी पडलं होतं. मला वाटलं, सुकलेलं पान. जवळ गेल्यावर पानाने तोंड उघडलं. मी जाड टॉवेलची चौघडी करून त्याला उचललं (उघड्या हाताने वटवाघूळ कधीही उचलू नये, का ते पुढे येईल) आणि बुटांच्या खोक्यात ठेवलं. टॉवेलमधून त्याचं वजन जाणवलंच नाही. ही पिपिस्ट्रेल कुळातली सगळ्यात लहान जात असावी. तिचं वजन तीन-चार ग्रॅम, म्हणजे खिशातल्या एक रुपयाच्या नाण्याएवढं. अंग तपकिरी, मऊ. डोळे मोहरीएवढे, पण उघडे आणि लखलखीत. वटवाघूळ आंधळं असतं ही निव्वळ कंडी आहे. कानाच्या आत आणखी एक इवलासा उभा पडदा, जणू कानातला कान. पंख उघडला तेव्हा मी बराच वेळ पाहत राहिले. तो पंख नव्हताच, तो हात होता. चार लांबलचक बोटं, त्यांच्यामध्ये ताणलेली कातडी, कातडीतून दिसणाऱ्या केसाएवढ्या रक्तवाहिन्या, आणि मनगटापाशी सुटा राहिलेला, नखी असलेला अंगठा. त्या अंगठ्याने ते खोक्याची कड पकडून सरपटत होतं.

वटवाघळांचा अभ्यास करणाऱ्या एका तरुणाला फोन केला. तो म्हणाला, "ताई, खोकं अंधारात ठेवा, बाटलीच्या टोपणात थोडं पाणी द्या, आणि तिन्हीसांजेला खडबडीत भिंतीवर उंचावर टेकवा. जमिनीवरून उडणं त्यांना जड जातं." तसं केलं. दहा मिनिटं ते भिंतीला चिकटून थरथरत होतं, अंग तापवत होतं. मग सुटलं, आणि थेट वरच्या मजल्यावरच्या एसीच्या लोखंडी कोनामागे गेलं. तिथे सिमेंट सुटून एक फट पडली आहे. रुंदी माझ्या बोटाएवढी. त्या संध्याकाळी त्या फटीतून एकामागून एक नऊ वटवाघळं बाहेर पडली.

नंतर त्या तरुणाने मला त्याचं यंत्र ऐकवलं. माणसाच्या कानाची वरची मर्यादा २० किलोहर्ट्झ, तीही लहानपणी. वय वाढेल तशी ती खाली येते. पिपिस्ट्रेल ओरडतं ते साधारण ४० ते ५० किलोहर्ट्झच्या आसपास. यंत्र तो आवाज खाली ओढून आपल्या कानाच्या कक्षेत आणतं. ज्या शांत गच्चीवर मी वर्षानुवर्षं वाळवणं घातली होती, ती गच्ची एकाएकी आवाजाने भरून गेली. टप्... टप्... टप्, सेकंदाला आठ-दहा. मग एकदम टप्टप्टप् आणि शेवटी 'टर्रर्र', एखादं कापड फाडावं तसं. तो म्हणाला, "खाल्ला." पुन्हा टप्... टप्... टप्.

ती 'टर्र' म्हणजे शेवटच्या क्षणी सेकंदाला दीडशे-दोनशेपर्यंत पोचणाऱ्या हाका. कारण साधं आहे. हवेत आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. किडा एक मीटरवर असेल तर प्रतिध्वनी सहा मिलिसेकंदांत परततो. तो दहा सेंटिमीटरवर आला की अर्ध्या मिलिसेकंदाच्या थोडं वर. जितकं जवळ, तितकी घाई, आणि तितक्याच आखूड हाका, नाहीतर स्वतःचीच हाक परत येणाऱ्या उत्तरावर पडेल. या हाका हळू नसतात. तोंडापासून वीतभर अंतरावर त्यांची तीव्रता १०० डेसिबलच्या वर जाते. एवढ्या आवाजाने स्वतःचेच कान बसू नयेत म्हणून प्रत्येक हाकेच्या आधी मधल्या कानातला एक स्नायू आखडतो आणि लगेच सैल होतो. साठवणीच्या डब्याचं झाकण लावावं-काढावं तसं, सेकंदाला कितीतरी वेळा.

माणसाला हे कळायला दीडशे वर्षं लागली, आणि त्यातली शंभरएक वर्षं एका चुकीत गेली. १७९३ साली इटलीत लाझारो स्पॅलान्झानीने पाहिलं की मेणबत्ती विझली तर घुबड भिंतीवर आपटतं, वटवाघूळ आपटत नाही. डोळे गेलेली वटवाघळंही पोटभर किडे खाऊन परत आली. जिनिव्हाच्या लुई ज्युरीनने त्यांचे कान बंद केले तेव्हा मात्र ती आपटू लागली. उत्तर समोर होतं. पण जो प्राणी ओरडताना ऐकूच येत नाही तो कानाने कसा पाहील, असं म्हणून फ्रान्सच्या बड्या शास्त्रज्ञांनी ते बाजूला सारलं. पंखांचा स्पर्शच त्यांना वाट दाखवतो, असं ठरलं. १९१२ साली टायटॅनिक बुडाल्यावर हायरम मॅक्झिमने सुचवलं की जहाजांनी वटवाघळासारखं आवाज सोडून हिमनग ओळखावेत. त्याला वाटलं तो आवाज पंखांचा, जाड आणि खालचा. कल्पना बरोबर, सप्तक चुकलेलं. १९३८ साली हार्वर्डचा विद्यार्थी डोनाल्ड ग्रिफिन वटवाघळांचा पिंजरा घेऊन जॉर्ज पिअर्सच्या प्रयोगशाळेत गेला. पिअर्सकडे माणसाला न ऐकू येणारा आवाज पकडणारं यंत्र होतं. पिंजरा समोर ठेवताच यंत्र बोलू लागलं. पुढे रॉबर्ट गॅलॅम्बोसबरोबर ग्रिफिनने तोंड आणि कान दोन्ही पडताळून पाहिले, आणि १९४४ साली या विद्येला नाव दिलं, 'इकोलोकेशन'. मी त्याला प्रतिध्वनीने पाहणं म्हणते.

माझ्या गच्चीवरची ही मंडळी या विद्येतली साधी गायकी गातात. त्यांतले उस्ताद डोंगराच्या पलीकडे आहेत.

बोरिवलीच्या बाजूने कान्हेरीला गेलात तर चैत्यगृह पाहून परत फिरू नका. वर चढत जा. शंभराहून जास्त लेणी आहेत, इसवी सनाच्या आरंभीपासून हजारेक वर्षं खोदलेली. जवळजवळ प्रत्येक विहाराशेजारी पाण्याची टाकी आहे. इथल्या शिलालेखांत तिला 'पोढी' म्हटलंय. माणसाने डोंगरात हजार वर्षं कोरलं आणि भिक्षू निघून गेल्यावर उरले ते अंधारे, दमट, वर्षभर एकाच तापमानाचे कोनाडे. वटवाघळासाठी याहून चांगली फट कोण बांधेल? शेजारी पाणीही आयतं. वटवाघूळ उडता उडता पाणी पितं, आणि पाणी ओळखतं ते आवाजाने: जिथे खालच्या आडव्या पृष्ठभागावरून हाक आरशासारखी पुढे निसटून जाते, ते पाणी.

पश्चिम भारताच्या लेण्यांमध्ये वस्ती करणाऱ्या वटवाघळांचा पहिला मोठा अभ्यास आंद्रे ब्रोसे या फ्रेंच प्राणिशास्त्रज्ञाने केला. तो १९६२-६३ मध्ये बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात चार भागांत छापून आला, आणि आजही त्याला पर्याय नाही असं मला वाटतं. या लेण्यांत एकाच छताखाली वेगवेगळे संसार असतात. दाराजवळ, बऱ्यापैकी उजेडात भिंतीला पोट टेकून बसलेली थडगे-वटवाघळं. त्यांच्या कुळाला हे नाव पडलं कारण शास्त्राला ती पहिल्यांदा इजिप्तच्या थडग्यांमध्ये सापडली. ती उंच आकाशात, वेगाने शिकार करतात. पुढे उंदरासारखी लांब मोकळी शेपटी असलेली. आणि पार आत, गर्भात, नाकावर घोड्याच्या नालासारखी किंवा पानासारखी घडी असलेली. ही तोंडाने नाही, नाकाने हाक मारतात, आणि त्या घडीने आवाजाचा झोत हवा तिकडे वळवतात.

नालनाक्यांची कला मला आगगाडीमुळे समजली. बोरिवली स्टेशनात तुम्ही उभे आहात आणि न थांबणारी गाडी भोंगा वाजवत धडाडत जाते. येताना भोंगा चढा ऐकू येतो, पुढे गेली की एकदम उतरतो. नालनाक्या वटवाघळाची हाक एकाच सुरावर लांबवलेली असते. ते स्वतः पुढे उडत असल्यामुळे परत येणारा सूर चढा होतो. आणि त्याचा कान एका अगदी अरुंद सुरावरच विलक्षण तीक्ष्ण असतो. मग ते काय करतं? उडताना आपली हाकच तेवढी खाली उतरवतं, म्हणजे उत्तर नेमकं कानाच्या सुरात येऊन पडतं. हान्स-उलरिख श्निट्झलरने १९६८ साली हे दाखवलं. याचा उपयोग असा की हजार पानांच्या गर्दीत एका पतंगाची पंखांची फडफड त्या स्थिर सुरात लहरीसारखी उमटते. पानं गप्प, पतंग बोलका. षड्ज लावून बसलेल्या गवयाला शेजारच्या तंबोऱ्याची एक तार किंचित उतरलेली कळते, तसं.

पतंगही मुकाट मरत नाहीत. अनेक पतंगांना वटवाघळाची हाक ऐकण्यापुरते कान उगवले आहेत. हाक ऐकताच ते पंख मिटून खाली कोसळतात. काही जाती उलट टकटक आवाज करून आपण कडू आहोत हे सांगतात. लेण्यांतलंच आणखी एक वटवाघूळ या सगळ्या भानगडीतून वेगळ्या वाटेने निघतं. त्याला इंग्रजीत खोटा व्हॅम्पायर म्हणतात, पण ते रक्त पीत नाही. बेडूक, उंदीर, पाली, मोठे किडे खातं. शिकारीच्या वेळी ते हाकही न मारता झडप घालू शकतं. पाचोळ्यात पडलेल्या पावलाचा आवाज त्याला पुरतो. त्याच्या बसण्याच्या जागेखाली जमिनीवर पतंगांचे पंख आणि बेडकाच्या तंगड्या पडलेल्या असतात.

या नालनाक्यांची, पाननाक्यांची आणि खोट्या व्हॅम्पायरची वंशावळ वाचून मी थक्क झाले. पूर्वी समजत असत की सगळी किडेखाऊ वटवाघळं एका घराण्याची आणि फळखाऊ दुसऱ्याची. २००० साली एमा टीलिंग आणि सहकाऱ्यांनी जनुकांवरून दाखवलं की तसं नाही. कान्हेरीच्या अंधारातलं बोटभर नालनाकं वडावर लटकलेल्या त्या थोरल्या वाघळाचं चुलत भावंड आहे, माझ्या एसीमागच्या पिपिस्ट्रेलचं नव्हे. म्हणजे एकतर प्रतिध्वनीने पाहण्याची विद्या दोन घराण्यांत स्वतंत्रपणे जन्मली, किंवा फळखाऊंनी ती टाकून दिली. महाबळेश्वरच्या गुहेत राहणारं एक फळखाऊ तर जिभेने टिचक्या मारून अंधारात वाट काढतं, म्हणजे विद्या नसली तरी गरज राहिली. हा वाद अजून मिटलेला नाही, आणि मला तो मिटायची घाई नाही.

त्याहून मागे जायचं तर बोरिवलीहून गुजरातकडे जाणारी गाडी पकडायची. सुरत जिल्ह्यातल्या वस्तानच्या लिग्नाइट खाणीतून चाळणीने माती धुऊन मिळालेले वाळूच्या कणाएवढे दात आणि जबड्यांचे तुकडे २००७ साली जगासमोर आले: वटवाघळांच्या सात जाती, पाच कोटी वर्षांहून जुन्या. तेव्हा भारत अजून आशियाकडे सरकत होता. पुढच्याच वर्षी अमेरिकेच्या वायोमिंगमधून एक पूर्ण सांगाडा प्रसिद्ध झाला, सव्वापाच कोटी वर्षांपूर्वीचा. त्याच्या पाचही बोटांना नख्या होत्या, पंख उडण्याजोगे होते, पण कानाचा शंख लहान. अनेकांच्या मते ते उडत होतं, पण प्रतिध्वनीने पाहत नव्हतं. आधी पंख, मग कान. कान्हेरीचा आणि अंधेरीच्या गिल्बर्ट हिलचा ज्वालामुखीचा दगड त्याच्याही आधीचा, सुमारे सहा कोटी वर्षांचा. वटवाघळं आली तेव्हा त्यांची भविष्यातली भिंत थंड होऊन बसली होती.

एखाद्या जातीचं सगळं नशीब एका फटीत कसं मावतं, याचं उदाहरण आपल्या सीमाभागात आहे. बेळगाव जिल्ह्यात खानापूर तालुक्यातल्या तळेवाडीजवळ बारापेडे गुहा आहे. १९१२ साली नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या एस. एच. प्रॅटर यांनी तिथून एक मोठ्या कानाचं, मोकळ्या शेपटीचं वटवाघूळ आणलं. पुढच्या वर्षी लंडनच्या ओल्डफील्ड थॉमसने त्याला आर. सी. रॉटन यांचं नाव दिलं. त्यानंतर जवळजवळ नव्वद वर्षं जगात या जातीचा हा एकच पत्ता माहीत होता. मग कंबोडियात आणि मेघालयात ती सापडली. वन्यजीव कायद्यात तिला वाघाच्या पंक्तीत, पहिल्या अनुसूचीत जागा आहे. त्याच कायद्यात फळखाऊ वटवाघळं २०२२च्या दुरुस्तीपर्यंत उंदीर-कावळ्यांबरोबर 'उपद्रवी' म्हणून नोंदलेली होती. आणि माझ्या एसीमागच्यांची कुणी दखलही घेत नाही.

आमच्या सोसायटीत फटीचं कळल्यावर पहिला प्रश्न आला तो डासांचा. वटवाघूळ तासाला हजार डास खातं, असं कुणीतरी मोबाइलवर पाठवलं. हा आकडा बंद खोलीत डास सोडून केलेल्या जुन्या प्रयोगावरून ओढून काढलेला आहे. मोकळ्या हवेत कुणी असा हिशेब मांडून बसत नाही. पिपिस्ट्रेल चिलटं, माश्या, डास, छोटे भुंगे, वाळवीचे पंखवाले किडे, जे समोर येईल ते खातं. डेंगी त्याच्या भरवशावर सोडता येणार नाही. पण वटवाघळं नसली की काय होतं, याचा एक पुरावा आहे. अमेरिकेत २००६पासून एका बुरशीने गुहांतली वटवाघळं लाखांनी मेली. २०२४ साली अर्थशास्त्रज्ञ एयाल फ्रँक यांनी दाखवलं की ज्या जिल्ह्यांत ती मेली तिथल्या शेतकऱ्यांनी ३१ टक्के जास्त कीटकनाशक फवारलं, आणि तिथे बालमृत्यूही वाढले. हे वाचून मी पुस्तक मिटून बराच वेळ बसून राहिले.

दुसरा प्रश्न आजाराचा, आणि तो खरा आहे. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेला महाबळेश्वरच्या गुहेतल्या वटवाघळांत निपाहच्या खुणा सापडल्या, ते २०२१ साली प्रसिद्ध झालं. म्हणूनच हात लावू नये. चावलं तर त्याच दिवशी डॉक्टरकडे जावं. पण भिंतीतलं वटवाघूळ आपण छेडलं नाही तर आपल्याला शोधत येत नाही. धूर करून, रसायन मारून हुसकावलेलं वटवाघूळ मात्र घरात शिरतं, जिन्यात पडतं, मुलांच्या हाती लागतं. खबरदारी आणि दया इथे एकाच बाजूला आहेत.

खरी अडचण शहर बदलण्याच्या वेगाची आहे. अंधेरीच्या काचेच्या इमारती बघा. २०१७ साली प्रयोगाने दिसलं की गुळगुळीत उभ्या पृष्ठभागावरून हाक दुसरीकडेच निसटते, वटवाघळाला वाटतं पुढे मोकळं आहे, आणि ते आपटतं. आडवा आरसा म्हणजे पाणी आणि उभा आरसा म्हणजे वाट, एवढंच त्याला कोट्यवधी वर्षांनी शिकवलंय. रस्त्यांचे दिवे हा दुसरा भाग. जुन्या दिव्यांभोवती किड्यांची जत्रा भरायची आणि पिपिस्ट्रेल तिथे जेवायचं. नालनाकी, पाननाकी मात्र उजेड टाळतात. त्यांच्यासाठी जंगलाच्या कडेने गेलेली दिव्यांची रांग ही भिंतच. आणि घाटकोपरपासून दहिसरपर्यंत जुन्या चार मजली इमारती पडून टॉवर उठतायत, ज्यांच्या भिंतींना फट म्हणून नसते. त्या जुन्या इमारतींच्या पाट्यांमागे, छज्जांच्या सांध्यांत, न उघडणाऱ्या शटरांच्या घड्यांत कोण राहत होतं, याची नोंद पाडकामाच्या कुठल्या कागदावर नसते.

उंदरासारखी पिल्लावळ असती तर हे सोसलं असतं. बहुतेक वटवाघळांना वर्षाला एखाददुसरं पिल्लू, आणि ते जन्मतःच आईच्या वजनाच्या चौथ्या भागाएवढं. नागपुरात ए. गोपालकृष्ण आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी कित्येक वर्षं महाराष्ट्रातल्या वटवाघळांच्या प्रजननाचा अभ्यास केला. एका पिपिस्ट्रेल जातीची मादी नराचं वीर्य शरीरात जपून ठेवते, हे त्यांनी दाखवलं. म्हणजे पिल्लू कधी यायचं ते ठरतं किड्यांच्या सुगीवर. सायबेरियात सात ग्रॅमचं एक वटवाघूळ ओळखीची कडी घातल्यानंतर ४१ वर्षांनी पुन्हा सापडलं होतं. सावकाश जगणारा, सावकाश वाढणारा, घर न बदलणारा जीव आहे हा.

सप्टेंबरात आमच्याकडे रंगकाम निघालं. रंगारी दादा परांचीवर झुलत सिमेंटची लांबी घेऊन एकेक चीर बुजवत खाली येत होते. मी सेक्रेटरी काकांकडे गेले, त्यांना गच्चीवर नेलं, यंत्र ऐकवलं. ते आधी काही बोलले नाहीत. मग त्यांनी वाकून दादांना हाक मारली, "त्या एसीच्या कोनाकडचं राहू द्या हो." दादांनी लांबीचा हात आखडता घेतला, रंग मात्र कडेने मारला, त्यामुळे आता फट अगदी ठळक दिसते, पांढऱ्यावर काळी.

काल संध्याकाळी अकरा मोजली. बारावं फटीच्या तोंडाशी थांबलं होतं. डोकं तेवढं बाहेर, कान हलत होते. खाली रस्त्यावरचा दिवा लागला तसं ते जरा मागे सरलं.